खाडीत शिरेल तीच आपली नौका

गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुतेक आपलेच लोक असतात. कोणी जहाजावरून निवृत्त झालेला, कोणी आखातातली नोकरी संपवून गावी परतलेला, कोणी मुंब्र्यात धंदा स्थिरावलेला. हातात थोडा पैसा आहे, खाडीकाठी बापजाद्यांचे घर आहे आणि मनात जुनी हौस आहे. आपली स्वतःची शिडाची नौका असावी, हिवाळ्यात बाणकोटहून दाभोळ, दाभोळहून जयगड असे किनाऱ्याकिनाऱ्याने जावे, रात्री खाडीत नांगर टाकावा. नवी नौका परवडत नाही म्हणून वापरलेली यॉट घ्यायची ठरते. मग जाहिरातीतले फोटो येतात. पांढरीशुभ्र, पस्तीस फुटी नौका, आत सागवानी टेबल, दोन शयनकक्ष, स्वयंपाकाचा ओटा. “भाई, कशी वाटते?”

मी उलट एवढेच विचारतो की ती पाण्याखाली किती जाते? बहुतेकांकडे याचे उत्तर नसते. टेबल कोणत्या लाकडाचे आहे हे माहीत असते, पण नौकेचा तळ पाण्याच्या पृष्ठभागापासून किती खाली आहे, म्हणजे तिचा ड्राफ्ट किती, हे विचारलेलेच नसते.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या किनाऱ्यावर फिरण्यासाठी वापरलेली नौका घेणाऱ्याने सर्वांत आधी ड्राफ्ट पाहावा. एक मीटरपेक्षा जास्त बुडणारी नौका कितीही स्वस्त आणि कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. लांबी, खोल्या, इंजिन, रंग हे सगळे त्यानंतर. हे मत काहींना टोकाचे वाटते, म्हणून त्यामागचा हिशोब मांडतो.

आपला किनारा उथळ आहे

सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, राजापूरची खाडी, वाघोटण. उत्तरेकडून दक्षिणेकडे या खाड्या एकामागून एक येतात. आपली कोकणी मुसलमानांची जुनी गावे याच खाड्यांच्या काठाने वसली. त्या भागाला आपण खाडीपट्टा म्हणतो ते उगीच नाही. जयगड किंवा विजयदुर्ग येथे मुखाशी चांगले खोल पाणी मिळते. पण बहुतेक खाड्यांच्या तोंडावर वाळूचा दांडा असतो, आणि आत गेल्यावर दोन्ही बाजूंना चिखल आणि मध्ये एक वळणावळणाची खोल वाट. ती वाटही दर पावसाळ्यानंतर थोडी सरकते. १८८० साली छापलेल्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये कोणत्या खाडीच्या मुखावर किती पाणी असते आणि कोणत्या आकाराचे गलबत कुठवर जाते याच्या नोंदी आहेत. त्या काळीही गाळाची तक्रार होतीच. त्यानंतर गाळ वाढला आहे.

म्हणूनच आपल्या पूर्वजांचे मचवे आणि पडाव जसे होते तसे होते. माल घेऊन भरतीबरोबर आत यायचे, ओहोटीला चिखलावर बसायचे, माल उतरवायचा, पुढच्या भरतीला तरंगून निघायचे. बंदर म्हणजे धक्का आणि क्रेन ही कल्पना नंतरची. चिखल हेच बंदर होते.

आता थोडे आकडे पाहू. खाडीत एखादी अशी जागा धरा जिथे उधाणाच्या दिवशी ओहोटीला अर्धा मीटर आणि भरतीला अडीच मीटर पाणी असते. दीड मीटर ड्राफ्टच्या नौकेला तळाखाली अर्धा मीटर मोकळे पाणी सोडायचे तर दोन मीटर पाणी लागेल. नव्वद सेंटिमीटर ड्राफ्टच्या नौकेला एक मीटर चाळीस सेंटिमीटर पुरेल. पाणी सहा तासांत एकसारखे चढत नाही. पहिल्या तासात एकूण वाढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा खलाशांचा ढोबळ नियम आहे. या नियमाने खोल नौकेला ती जागा ओलांडायला भरतीच्या मागेपुढे मिळून चार तास मिळतात, तर उथळ नौकेला सुमारे साडेसहा तास.

खरी गंमत भांगाच्या दिवसांत आहे. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढते आणि कमी उतरते. त्याच जागी समजा ओहोटीला एक मीटर दहा आणि भरतीला एक मीटर नव्वद सेंटिमीटर पाणी आहे. आता खोल नौकेला एक मिनिटही मिळत नाही. तिच्यासाठी खाडी बंद. उथळ नौकेला मात्र जवळपास सात तास मिळतात. म्हणजे साठ सेंटिमीटरचा फरक हा वेगाचा किंवा सोयीचा फरक नाही. महिन्यातून दोनदा चार-पाच दिवस घरी जाता येते की नाही, हा तो फरक आहे.

“पण खोल नौका सुरक्षित असते ना?”

हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि त्यात तथ्य आहे. नौकेचे वजन जितके खाली तितकी ती वाऱ्यात कमी कलंडते, आणि खोल कील असेल तर वाऱ्याच्या दिशेने अधिक चांगली चढते. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेली नौका महासागरासाठी होती. तिला खोल कील हवीच होती. दक्षिण महासागरात आसरा नसतो. तिथे नौकेने लाटा सहन करायच्या असतात.

आपण मात्र दक्षिण महासागरात जाणार नाही. आपण ऑक्टोबर ते मे या महिन्यांत, दिवसाला वीस-तीस सागरी मैल, किनारा नजरेत ठेवून जाणार. वारा वाढला, आभाळ भरले, कोणाला ताप आला, तर आपली सुरक्षितता जवळच्या खाडीत आहे. आत शिरता आले तर वाचलो. खोल नौकेला दांडा ओलांडता येत नाही म्हणून ती बाहेर उघड्या समुद्रात नांगरावर हेलकावे खात बसते, आणि तीच तिची सर्वांत धोक्याची अवस्था असते. ज्या गुणामुळे ती महासागरात सुरक्षित, त्याच गुणामुळे ती इथे असुरक्षित.

एक इशारा मात्र उथळ नौकेलाही लागू आहे. बाहेर लाटा असताना आणि खाडीतून ओहोटीचे पाणी वेगाने निघत असताना दांड्यावरून आत यायचा प्रयत्न कधीही करू नये. समोरासमोर आलेल्या पाण्याने तिथे लाट उभी राहते आणि फुटते. भरतीचा शेवटचा तास-दीड तास ही आत येण्याची वेळ.

तळाचे प्रकार

जहाजावर असताना आमचे जहाज इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदरात बऱ्याचदा लागायचे. ऑरवेल आणि स्टूर या नद्या जिथे समुद्राला मिळतात तिथेच ते बंदर आहे. सुट्टी मिळाली की मी ऑरवेलच्या काठाने पिन मिलपर्यंत जायचो. ओहोटीला तिथला चिखल पाहिला की आपली खाडी आठवायची. त्या चिखलावर लहान शिडाच्या नौका निवांत उभ्या असत. कलंडलेल्या नाहीत, तर दोन पायांवर ताठ उभ्या. तो सगळा इंग्लंडचा पूर्व किनारा असाच उथळ आहे, आणि उथळ पाण्याच्या नौकांचा विचार तिथल्या लोकांनी शंभर वर्षे केला आहे. ‘यॉटिंग मंथली’ या मासिकाचे चाळीस वर्षे संपादक असलेले मॉरिस ग्रिफिथ्स स्वतः नौकांचे आराखडे करायचे, आणि कमी पाण्यात जाणारी लहान नौका सामान्य माणसाला परवडावी हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. त्या अनुभवातून आपल्याला निवड करता येते.

वापरलेल्या नौकांत मुख्यतः चार प्रकार दिसतात.

पहिला, एक खोल कील असलेली. मुंबई बंदरात शर्यतीसाठी आणलेल्या नौका बहुतेक अशाच. चिखलावर बसली की ती आडवी होते. आडवी होताना खोल पाण्याच्या बाजूला कलली तर परतणारी भरती तिला उचलण्याआधी डेकवरून आत शिरू शकते. हा प्रकार आपल्यासाठी नाही.

दुसरा, उचलता येणारी कील. लोखंडी पाते तारेने वर ओढायचे आणि खाली सोडायचे. पाते वर घेतले की काही नौका अर्ध्या मीटर पाण्यातही जातात. कागदावर हे सर्वांत उत्तम. पण पाते ज्या खाचेत बसते ती खाच आपल्या कोमट पाण्यात कालवांनी आणि शिंपल्यांनी भरून जाते. चिखलात बसल्यावर खडे अडकतात. तार झिजते, खिळीचा बोल्ट गंजतो आणि ते पाहायला नौका पूर्ण उचलावी लागते. ज्या गावात क्रेन नाही तिथे हे दुखणे महागात पडते. गोव्यात किंवा मुंबईत नौका ठेवणार असाल तर जरूर विचार करा. खाडीपट्ट्यात ठेवणार असाल तर मी सुचवणार नाही.

तिसरा, दोन सांगाड्यांची कॅटमरान. कमी ड्राफ्ट, ऐसपैस जागा, कलंडत नाही. मात्र किंमत जास्त, रुंदी जास्त, आणि अरुंद खाडीत वळवायला व बांधायला जागा लागते. ऐपत असेल तर वाईट नाही.

चौथा, ट्विन-कील, म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना एकेक आखूड कील असलेली. माझी शिफारस हीच. याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे वेस्टर्ली सेंटॉर. सव्वीस फूट लांबी, सुमारे तीन फूट ड्राफ्ट. १९६९ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये या एकाच आराखड्याच्या अडीच हजारांच्या आसपास नौका बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ आजही पाण्यावर आहेत. सेंटॉरच घ्या असे मी म्हणत नाही. ती आपल्याकडे मिळेलच असेही नाही. पण तिच्याकडे पाहून काय शोधायचे ते कळते. साधी, जाड फायबरची, बिनझगमगीची, दोन पायांवर उभी राहणारी नौका.

तिचा दोषही सांगतो. वाऱ्याच्या दिशेने चढताना ती सुस्त असते आणि बाजूला सरकते. आपल्याकडे दुपारी वायव्येचा वारा सुटतो. त्यामुळे दक्षिणेला जाणे सोपे आणि उत्तरेला परतणे कष्टाचे. पण पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो. पहाटे निघून त्या वाऱ्यावर उत्तरेला सरकायचे आणि दुपारपर्यंत पुढच्या खाडीत शिरायचे, असे आपले जुने तांडेल करतच आले. घाई नसलेल्या माणसाला सुस्त नौका चालते.

आणि तिचा एक गुण खास आपल्यासाठी आहे. जून ते सप्टेंबर नौका पाण्यात ठेवता येत नाही. मच्छीमार होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. एका कीलच्या नौकेला वर काढल्यावर उभी ठेवायला लोखंडी पाळणा लागतो. ट्विन-कील मात्र उधाणाच्या भरतीला काठावर आणून घट्ट जमिनीवर उभी करता येते. दोन पाय आणि सुकाणूखाली एक टेकू बस्स. पावसाळ्यापुरते तिला बंदर लागत नाही.

आणखी एक पर्याय लोक सुचवतात. आपली फायबरची मासेमारी होडी घ्यावी आणि तिच्यावर डोलकाठी उभारावी. कृपा करून असे करू नका. त्या होडीच्या तळाला वजन नसते. इंजिनावर ती उत्तम चालते, पण शिडाच्या जोराने उलटेल.

पाहायला जाल तेव्हा

नौका पाण्यात असताना सौदा करू नये. ती वर काढून, तळ धुऊन दाखवा म्हणावे. विकणारा नकार देत असेल तर परत यावे.

सर्वांत आधी कील आणि तळ यांचा सांधा. ट्विन-कील नौकेचा कच्चा दुवा हाच आहे. हजारो वेळा चिखलावर टेकल्याने दोन्ही कील आत-बाहेर ताण घेतात आणि सांध्याभोवतीचे फायबर थकते. सेंटॉरमध्येही हा दोष पुढे दिसला आणि अनेक मालकांनी आतून जादा फायबर घालून तळ मजबूत करून घेतला. बाहेरून सांध्यालगत केसासारख्या भेगा आहेत का, गंजाचे ओघळ आहेत का, आतून बोल्टांच्या मुळाशी पाणी आहे का, हे बघावे. काम करून घेतले असेल तर पावती मागावी.

मग एक लहान प्लॅस्टिकची हातोडी घेऊन तळ ठोकत जावे. टणक आवाज येत असेल तर ठीक, बद्द आवाज आला तर आत थर सुटले आहेत. बारीक फोड दिसले तर फायबरमध्ये पाणी मुरले आहे. थोडे फोड म्हणजे सौदा मोडण्याचे कारण नाही, पण किंमत कमी करण्याचे आहे. डेकवर चालताना पायाखाली लवचीक वाटले तर आतले लाकूड कुजले असे समजा. ते काम मोठे असते.

तळातून जाणारे पाण्याचे नळ हाताने फिरवून पाहावेत. पितळ गुलाबी पडले असेल तर त्यातले जस्त निघून गेले आहे. असा नळ एखाद्या दिवशी हातात तुटून येतो आणि नौका बुडते. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा दहा-बारा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर बदलण्याचा खर्च धरावा. खारट आणि दमट हवेत त्या आतून तडकतात, वरून चकचकीत दिसतात. शिडे उन्हात उघडून शिवण नखाने खरवडावी. आपल्या उन्हात कापडाआधी धागा मरतो.

इंजिन लहान डिझेलचे असावे, आणि ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतील असे असावे. विकणाऱ्याने ते आधीच गरम करून ठेवलेले नको. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. निळा धूर सतत येत असेल तर ते तेल खाते आहे.

सुकाणू कीलपेक्षा खाली उतरता कामा नये. नाहीतर नौका चिखलावर टेकताना सगळे वजन सुकाणूवर येईल.

डोलकाठी खाली घेता येते का हेही विचारा. आपल्या खाड्यांवर पूल वाढत आहेत, सागरी महामार्गाचे काम पुढे सरकेल तसे आणखी वाढतील. आणि पुलापेक्षा भयंकर असतात त्या खाडी ओलांडणाऱ्या विजेच्या तारा. अॅल्युमिनियमची उंच डोलकाठी तारेला लागली तर विचार करायलाही वेळ मिळणार नाही. पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची रंगाने आत लिहून ठेवावी.

शेवटी पैशाचे. हातात चार भाग असतील तर तीन भागांतच सौदा करावा. चौथा भाग पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीला लागतोच. कितीही जपून पाहिले तरी लागतो.

कागद आणि शेजारी

वापरलेल्या यॉटचा भारतातला बाजार लहान आहे. मुंबई, गोवा, कोची येथे काही मिळतात. त्यांत परदेशी प्रवाशांनी इथे सोडून दिलेल्या नौकाही असतात आणि त्या मोहात पाडतात, कारण किंमत कमी असते. अशा नौकेचे सीमाशुल्क भरले आहे का, त्याचा कागद आहे का, हे आधी पाहा. नसेल तर ती स्वस्त नौका नाही, ते दुसऱ्याचे कर्ज आहे. आधीची नोंदणी, विक्रीचा करार, इंजिनाचा क्रमांक आणि विमा हे सगळे जुळले पाहिजे. पैसे देण्याआधी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन कागद दाखवावेत.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांशी मोकळेपणाने बोलायला हवी. २००८ च्या मुंबई हल्ल्यात हल्लेखोर समुद्रातून आले. त्यानंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली आणि ती व्हायलाच हवी होती. अनोळखी शिडाची नौका दिसली की गस्तीची बोट जवळ येणार. नाव विचारल्यावर आपल्याला दोन प्रश्न जास्त विचारले जातात, हा अनुभव अनेकांनी सांगितला आहे. ते खटकते आणि खटकायलाच हवे. पण त्यावर समुद्र सोडून देणे हा उपाय नाही. ओळखपत्रे, नोंदणी, माणसांची यादी, लाइफ जॅकेट आणि व्हीएचएफ रेडिओ हे सगळे एका पेटीत, हाताशी ठेवावे. निघण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात आणि मच्छीमार सोसायटीत कळवावे. चार वेळा तीच नौका, तीच माणसे दिसली की ओळख होते. हा किनारा आपला आहे हे सिद्ध करण्याची गरज नाही, पण आपण इथे दिसत राहण्याची गरज मात्र आहे.

मच्छीमारांची गोष्ट याहून महत्त्वाची. खाडीच्या तोंडाशी त्यांची जाळी लावलेली असतात, खुंट रोवलेले असतात. दोन कीलच्या मध्ये आणि पंख्यात जाळे अडकले तर चूक आपली धरावी, त्यांची नाही. तुमची हौस आहे, त्यांची रोटी आहे. अंधारात अनोळखी खाडीत शिरू नये आणि पहिल्या खेपेला गावातला एखादा जुना तांडेल बरोबर घ्यावा, त्याचा योग्य मेहनताना देऊन. डेहराडूनच्या राष्ट्रीय हायड्रोग्राफिक कार्यालयाचे नकाशे जवळ असावेतच, पण खाडीच्या आतली यंदाची वाट नकाशावर नसते. ती त्या माणसाच्या डोक्यात असते.

आणि हातात एक खुणा केलेला बांबू ठेवावा. खोली मोजणारे यंत्र छान आहे, पण खाली चिखल आहे की खडक, हे यंत्र सांगत नाही. बांबू टेकताच कळते. ट्विन-कील नौका चिखलावर बसवायची असते, कातळावर नव्हे. एक पाय दगडावर आणि एक खड्ड्यात गेला तर तोच सांधा तुटतो ज्याची आपण इतकी काळजी घेतली.

चंद्राचा हिशोब

उथळ नौका घेणाऱ्याला भरती-ओहोटी समजलीच पाहिजे. सर्व्हे ऑफ इंडियाचे कोष्टक विकत मिळते, मोबाइलवरही आकडे मिळतात. पण आपल्या आजोबांना कोष्टक लागत नव्हते. तिथीला पाऊणने गुणायचे की भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सकाळी तशी संध्याकाळी. हिजरी तारीख माहीत असेल तर तीही कामाची. चाँद दिसतो तो अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणजे चाँदची पहिली-दुसरी आणि पंधरावी-सोळावी हे उधाणाचे दिवस. आठवी-नववी आणि बावीस-तेवीस हे भांगाचे. हिंदू तांडेल तिथी मोजतो, मुसलमान तांडेल चाँद मोजतो, दोघांचे पाणी एकाच वेळी चढते.

यातून निघणारा एक नियम लक्षात ठेवावा. मोठ्या उधाणाच्या अगदी टोकाच्या भरतीला नौका चिखलावर बसवू नये. पुढची प्रत्येक भरती त्याहून कमी चढत जाते आणि मग पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस, नौका तिथेच. पाणी चढत असताना टेकावे, म्हणजे पुढचे पाणी उचलून नेते.

शेवटी, हे कशासाठी

कोणी म्हणेल, एवढ्या गंभीरपणे लिहावे असा हा विषय आहे का? चार सुखवस्तू माणसांची हौस. मला तसे वाटत नाही.

दाभोळहून एकेकाळी हजची जहाजे निघायची. रत्नागिरीच्या दालदी मच्छीमारांनी हा समुद्र पिढ्यानपिढ्या कसला. इंग्रजांच्या काळापासून जगभरच्या जहाजांवर आपले खलाशी आणि सारंग होते. आणि आज त्याच खाडीपट्ट्यात अशी मुले वाढत आहेत ज्यांनी शिडाच्या नौकेत कधी पाय ठेवलेला नाही. समुद्र त्यांच्यासाठी एक तर परदेशी नोकरीचा रस्ता आहे किंवा फोटोची पार्श्वभूमी. जुने तांडेल एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर दांड्याची, वाऱ्याची, चिखलाची माहिती जात आहे. ती कुठे लिहिलेली नाही.

आपल्या गावांत आखाताच्या पैशातून बांधलेले बंगले पाहा. संगमरवरी जिने, चार-चार बाथरूम, आणि वर्षातले अकरा महिने कुलूप. पैसा कष्टाचा होता, बांधणाऱ्याची हौसही खरी होती, पण घर शेजाऱ्याला दाखवण्यासाठी बांधले, राहण्यासाठी नव्हे. पस्तीस फुटी खोल यॉट हाच प्रकार पाण्यावर करते. ती गावात येऊच शकत नाही. दूरच्या बंदरात भाड्याच्या जागेवर उभी राहते, मालक वर्षातून दोनदा जातो, फोटो काढतो, आणि पाच वर्षांनी ती कोणाला तरी निम्म्या किमतीत विकतो.

सव्वीस फुटी, जुनी, सुस्त, तीन फूट बुडणारी नौका गावाच्या धक्क्यासमोर चिखलावर उभी राहते. ओहोटीला मुले तिच्याभोवती खेळतात आणि तळ कसा असतो ते बघतात. रविवारी चार जण शीड चढवायला मदत करतात. शेजारचा तांडेल चुका काढतो. दोन वर्षांत गावातल्या पाच-सहा मुला-मुलींना भरती कधी, वारा कुठला, नांगर कसा, हे येऊ लागते. त्यांच्यातला एखादा पुढे जहाजावर जाईल, बाकीचे जाणार नाहीत, पण खाडी त्यांची राहील.

यंदा कोणी नौका बघायला जाणार असेल तर बरोबर एक हातोडी, एक टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन जावे. आणि आपल्या गावातल्या खाडीत, अष्टमीच्या भरतीला, बांबू टाकून किती पाणी भरते हे आधी मोजून ठेवावे. जो आकडा येईल त्यातून अर्धा मीटर वजा करावा. त्याहून जास्त बुडणारी नौका बघायलाही जाऊ नये.